मागच्या सीटवरचा विरोधी पक्ष: प्रवासाची कौटुंबिक विनोदी पटकथा कशी लिहावी

एक मोठा माणूस, त्याच्या जोडीदाराची दोन मुलं, एक गाडी आणि लांबचा पल्ला. मुलांना हा माणूस नको आहे आणि माणसाला मुलांची मनं जिंकायची आहेत. या गोष्टीचा शेवट प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांतच कळलेला असतो, आणि त्यात काही बिघडत नाही. काय होणार हे बघायला तो बसलेलाच नसतो. या माणसाला ते किती महागात पडणार, हे त्याला बघायचं असतं. त्यामुळे पटकथाकाराचं निम्मं काम हिशेबाचं आहे: वेळेचा, किलोमीटरचा आणि अब्रूचा हिशेब. उरलेलं निम्मं काम मुलांचं म्हणणं नीट ऐकून घेण्याचं. बहुतेक पटकथा फसतात त्या इथे.

उदाहरणासाठी खाली एकच ढाचा वापरला आहे. ११ वर्षांची थोरली, ७ वर्षांचा धाकटा, त्यांची आई, आणि आईच्या आयुष्यात आलेला नवखा. नवख्याच्या जागी बाई असली आणि मुलं वडिलांची असली, तरी पायऱ्या त्याच. फक्त सावत्र आई म्हटलं की परीकथांचं ओझं आपोआप तिच्या पाठीवर येतं, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत तिच्या बाजूने एखादा प्रसंग जास्त लिहावा लागतो.

१. आधी मुलांचं आरोपपत्र

नवख्याचं पात्र उभं करण्याआधी मुलांच्या बाजूने एक पान लिहा. थोरलीच्या भाषेत, पाच आरोप. त्यांतले किमान तीन खरे असले पाहिजेत. उदाहरणार्थ:

- तो आल्यापासून आई फोन उलटा करून ठेवते.
- तो आमच्याशी बोलताना आवाज बदलतो.
- त्याने न विचारता माझी सायकल दुरुस्त केली. बाबा करणार होते.
- तो हसतो तेव्हा आधी आईकडे बघतो.
- तो जाणार नाही असं दिसतंय.

तिसरा आरोप पुन्हा वाचा. नवख्याने केलं ते चांगलंच काम होतं, आणि तरीही गुन्हा ठरला. सावत्र कुटुंबांचा अनेक वर्षं अभ्यास करणाऱ्या मानसतज्ज्ञ पॅट्रिशिया पेपरनाऊ या प्रकाराला निष्ठेचा पेच म्हणतात. नव्या माणसाला जीव लावला तर आपल्या आई किंवा वडिलांशी बेइमानी होते, असं मुलाला वाटतं. म्हणूनच नवखा जितका चांगला वागेल तितका राग वाढतो. हे एकदा उमगलं की विनोदाचं इंजिन आपोआप सुरू होतं, कारण मुलांना खूश करण्याची त्याची प्रत्येक धडपड परिस्थिती आणखी बिघडवते आणि ती का बिघडते हे त्याला कळत नाही. प्रेक्षकाला मात्र कळतं.

मुलं 'वात्रट' आहेत म्हणून विरोध करतात, असं लिहिलं की गोष्ट संपली. मग उरतात त्या नुसत्या खोड्या, आणि खोड्या वीस मिनिटांत शिळ्या होतात.

याच पानावर आणखी एक निर्णय घ्या: खऱ्या वडिलांचं काय? त्यांना खलनायक करू नका. वडील वाईट निघाले की मुलांचा पेच आपोआप सुटतो, आणि नवख्याला काही न करता पास केल्यासारखं होतं. वडील बरे असावेत, थोडे विसरभोळे, लांब राहणारे, मुलांवर खरंच माया करणारे. त्यांच्या बाजूने थोरलीजवळ एक वस्तू द्या. आपल्या ढाच्यात तिची पाठीवरची बॅग बाबांनी घेतलेली आहे आणि संपूर्ण प्रवासभर ती मांडीवरून खाली ठेवत नाही. ही बॅग लक्षात असू द्या.

२. नवखा बावळट नको

त्याला एका कामात वाकबगार करा. त्या कामाचा गाडीत काडीचा उपयोग नसावा आणि शेवटी एकदाच, तिरक्या वाटेने, उपयोग व्हावा. तो घड्याळं दुरुस्त करतो, विमा कंपनीत जोखीम मोजतो, हॉटेलात दोनशे माणसांची व्यवस्था बघतो, काहीही चालेल. बावळट माणसाच्या फजितीला प्रेक्षक दोनदा हसतो आणि तिसऱ्यांदा त्याला कीव येते. हुशार माणसाची फजिती दीड तास टिकते, कारण प्रत्येक वेळी त्याच्याकडे एक नवी, तर्कशुद्ध आणि साफ चुकीची योजना असते.

शिवाय त्याला एक खोटं द्या. ते आईला सांगितलेलं असावं आणि छोटं असावं: "मला मुलांची सवय आहे." हे खोटं कुठे उघडं पडणार ते आत्ताच ठरवून ठेवा, म्हणजे मधल्या प्रसंगांना ताण राहतो.

३. आई गाडीत का नाही?

आई गाडीत असली तर मुलं तिच्यामार्फत बोलतील आणि नवखा तिच्या आडोशाला राहील. तिला पहिल्या १५ मिनिटांत गाडीबाहेर ठेवण्यासाठी एक कारण लागतं आणि ते कामाचं असेल तर सर्वांत सोपं: ती आधीच तिकडे पोचली आहे, कार्यक्रम तिच्याशिवाय होत नाही, मुलांना रात्री आठच्या आत पोचायचं आहे, आणि त्यांना आणणारा ऐनवेळी दुसऱ्या कामात अडकला. आजारपण, अपघात असली जड कारणं नकोत. ती डोक्यावर असताना कोणी मोकळेपणाने हसत नाही.

आई फोनवर राहते. फोन मोजून चार. पहिल्या फोनमध्ये नवखा सगळं खरं सांगतो. दुसऱ्यात एक गोष्ट गाळतो. तिसऱ्यात दोन गोष्टी खोट्या सांगतो आणि मुलं त्याला दुजोरा देतात, अर्थात स्वतःच्या फायद्यासाठी, काहीतरी वसूल करून. ही तिघांमधली पहिली युती. ती प्रेमातून होत नाही, संगनमतातून होते, आणि म्हणूनच पटते. चौथ्या फोनवर खरं सांगायची पाळी येते. कोण सांगतं, यावर तुमचा शेवट ठरेल. थोरलीने सांगितलं तर ती चहाडीही असू शकते आणि बचावही. एकाच वाक्यात दोन्ही बसवता आलं तर तो सीन गाजणार.

४. गाडीचा नकाशा काढा

कागदावर गाडीचा वरून दिसणारा आराखडा काढा आणि प्रत्येकाची जागा लिहा. ही पायरी लोक टाळतात आणि मग दहाव्या सीनमध्ये पाण्याची बाटली कोणाच्या हाताला लागते हेच कळेनासं होतं.

चालकाच्या बरोबर मागे बसलेलं मूल त्याला आतल्या आरशात नीट दिसत नाही. तिरकं, म्हणजे शेजारच्या सीटच्या मागे बसलेलं मूल दिसतं. तेव्हा थोरलीला सुरुवातीला चालकाच्या मागे बसवा: ती दिसत नाही, फक्त तिचे गुडघे त्याच्या पाठीत लागतात. धाकटा तिरका, आरशात पूर्ण दिसणारा. दोन तृतीयांश गोष्ट झाल्यावर एखाद्या थांब्यानंतर ती जागा बदलते. कोणी त्यावर बोलत नाही. आरशात पहिल्यांदाच तिचे डोळे दिसतात. संवादांच्या तीन पानांनी होणार नाही ते काम एवढ्याने होतं.

पुढची शेजारची सीट रिकामी ठेवा. ती आईची. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी मागेच बसावं असा सर्वसाधारण सल्ला असतो, त्यामुळे ती रिकामी राहण्याला आयतं कारण आहे.

बूस्टर सीटचाही, म्हणजे मुलाला उंच बसवणाऱ्या जादा बैठकीचाही, उपयोग करा. बेल्ट पोटावरून न जाता कमरेच्या हाडावरून आणि मानेऐवजी खांद्याच्या मध्यावरून जावा यासाठी ती असते. किती उंचीपर्यंत वापरायची याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, साधारण १३५ ते १५० सेंटिमीटरच्या दरम्यान. गोष्ट १५० च्या नियमाच्या जागी घडवली आणि थोरली १४९ ची असली तर? नियम नवख्याच्या बाजूने, लाज थोरलीच्या वाट्याला, आणि धाकट्याला आनंद मावेनासा. एक सेंटिमीटर पुढची वीस पानं चालवतो. मोजपट्टी कोणाकडे आहे, ती कोण धरतं, केस फुगवून उंची वाढते का, हे सगळं आपसूक येतं.

एक मात्र पाळा: गाडी चालू असताना सगळ्यांचे बेल्ट लावलेले. मुलं बघणार असलेल्या गोष्टीत बेल्ट सुटलेला दिसला की पालक हसायचे थांबतात.

५. वेळेचं जमाखर्चाचं पान

अंतर ६०० किलोमीटर, सरासरी वेग ताशी ६०, म्हणजे निव्वळ चालवणं १० तास. दर दोन तासांनी २० मिनिटांचा थांबा धरला तर चार थांब्यांची ८० मिनिटं. सकाळी ६ ला निघाले तर संध्याकाळी ५:२० ला पोचतात. कार्यक्रम ८ ला. म्हणजे नवख्याच्या गाठीला २ तास ४० मिनिटं शिल्लक.

ही शिल्लक तुमची कथा आहे. ती सीनमागून सीन खर्च करा. उलटी आणि साफसफाई ४० मिनिटं, राहिली २ तास. चुकीचं वळण आणि परत फिरणं ५० मिनिटं, राहिले १ तास १० मिनिटं. मग इंधनाचा घोळ ३ तास, आणि शिल्लक वजा १ तास ५० मिनिटं. बरोबर इथे, साधारण ६० व्या मिनिटाला, गाडी हातातून जाते आणि उरलेला प्रवास मागून घेतलेल्या दुसऱ्या गाडीने करावा लागतो. वजा शिल्लक भरून काढताना त्यांना अशा गोष्टी कराव्या लागतात ज्या सकाळी सहाला तिघांनीही केल्या नसत्या.

आकडे प्रेक्षकाला पाठ करायला लावू नका. गाडीतलं घड्याळ चार-पाच वेळा दिसलं की पुरे. हे पान तुमच्यासाठी आहे. ते नसेल तर मध्यंतरानंतर कोणालाच घाई नसते.

६. बिघाड कारणासकट हवेत

'गाडी बंद पडली' हा प्रसंग नाही. का बंद पडली, आणि त्या कारणाच्या मुळाशी नवख्याचा कोणता स्वभाव आहे, हे कळलं की प्रसंग होतो. खालचे बिघाड खरे आहेत आणि पडद्यावर दिसतात.

गाडी लागणे. गाडीत हा त्रास साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना जास्त होतो; दोनखालच्यांना क्वचितच. डोळे स्थिर पडद्यावर खिळलेले असतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि पोट ढवळतं. आता धाकट्याला खूश करायला नवख्याने नवाकोरा टॅबलेट आणला आहे आणि वळणांचा रस्ता सुरू झाला आहे. लाच हेच उलटीचं कारण. थोरलीला हे ठाऊक आहे. आई नेहमी त्याला समोर लांब बघायला सांगते. ती सांगत नाही. हे न सांगणं तिच्या खात्यावर टाका, पुढे उपयोगी पडेल.

चुकीचं इंधन. डिझेल गाडीत पेट्रोल भरणं सोपं असतं, कारण पेट्रोलचं नळकांडं बारीक असतं आणि डिझेलच्या तोंडात सहज जातं. उलट प्रकार सहसा अडतो, तेव्हा तो लिहू नका. डिझेल हे गाडीतल्या इंधन-पंपाच्या भागांना वंगणाचंही काम करतं. पेट्रोलने ते वंगण धुतलं जातं आणि उच्च दाबाचा पंप खराब होऊ शकतो. म्हणून चूक लक्षात आल्यावर इंजिन सुरूच करायचं नसतं, टाकी उपसावी लागते. गंमत या 'सुरू करायचं नसतं' मध्ये आहे. धाकटा झाकणावरचं अक्षर न् अक्षर वाचून दाखवतोय, नवखा आईशी फोनवर खोटं बोलण्यात गुंतलाय, आणि चावी फिरते.

सीटबेल्ट. झटक्याने ओढला की अडकतो, हळू ओढला की सुटतो. झटका बसला की जागीच धरून ठेवायचं, यासाठीच तो बनवलेला असतो. घाईत असलेला नवखा पहिल्याच सीनमध्ये तो तीनदा ओढतो, तिन्हीदा अडकतो. धाकटा सावकाश लावून दाखवतो. यावर कोणाही पात्राला भाष्य करू देऊ नका. माणसांचंही असंच असतं असं कोणी बोललं तर पटकथा फाडा.

फुगा. बंद काचांच्या गाडीत हेलियमचा फुगा गाडीने वेग घेतला की पुढे जातो आणि ब्रेक मारला की मागे, म्हणजे सगळ्या वस्तूंच्या उलट. जड हवा मागे रेटली जाते आणि हलका फुगा पुढे सरकतो. विज्ञान शिकवायला निघालेला नवखा बरोबर उलटं भाकीत करतो, पैज हरतो, आणि पैजेत काय लावलं होतं ते आता देणं भाग असतं. दृश्य स्वस्त आहे, सुंदर दिसतं, आणि पुढे ब्रेक लागला की फुगा आपणहून नवख्याच्या डोक्यामागे येऊन थांबतो, तो हशा फुकटात मिळतो.

घाट चढताना बाहेरचा हवेचा दाब कमी होऊन खाऊची सीलबंद पाकिटं फुगतात. सकाळी पाठीमागे ठेवलेली दहा पाकिटं दुपारी काय करतील, ते तुमचं तुम्ही बघा.

चाइल्ड लॉक लावलेलं मागचं दार आतून उघडत नाही, बाहेरूनच उघडतं. साफसफाई करताना मागे जाऊन बसलेला नवखा तिथेच कोंडला जातो. पुढच्या दोन सीटांमधल्या फटीतून पुढे यायला वेळ लागतो, आणि बाहेर उभी असलेली दोन मुलं मदत करायची की नाही यावर शांतपणे चर्चा करतात.

बिघाडांचा क्रम असा ठेवा: आधी गैरसोय, मग अब्रू, मग गाडी, मग नातं. गाडीचा सर्वनाश पहिल्या अर्ध्या तासात केलात तर पुढे मोडायला काही उरत नाही.

आणि किंमत कोण मोजतंय ते प्रत्येक सीनला तपासा. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०० साली म्हटलं होतं की हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते. मोठ्या माणसाच्या बाबतीत ही भूल सहज चढते. मूल घाबरलेलं दिसलं की तत्क्षणी उतरते. म्हणून शारीरिक फजिती नवख्याची, बौद्धिक विजय मुलांचा, आणि मुलाची भीती आली की तो सीन विनोदी नाही असं समजून सरळ गंभीरपणे लिहायचा. एका चित्रपटात असे दोन सीन हवेतच.

७. संवाद: तू, तुम्ही आणि काहीच नाही

मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात एक हत्यार आयतंच आहे. थोरली नवख्याला काय म्हणते? नाव घेत नाही, नातं लावत नाही, तू म्हणत नाही आणि तुम्हीही म्हणत नाही. ती कर्ताच गाळते.

"काच उघडायची आहे."
"कोणी उघडायची?"
"ज्यांच्याकडे बटण आहे त्यांनी."

हा खेळ तासभर चालवता येतो. धाकटा मधूनच चुकून 'तू' म्हणतो आणि बहिणीची कोपरखळी खातो. भांडणाच्या सीनमध्ये थोरली पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणते, आणि तो आदर नसून दार लावून घेणं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. मग कधीतरी घाईत, काहीतरी घसरत असताना, तिच्या तोंडून निघतं: "तू धर ना ते!" नवख्याने यावर थबकून, भरल्या डोळ्यांनी बघायचं नाही. तो ते धरतो. त्याच्या लक्षातही येत नाही. प्रेक्षकाच्या येतं.

धाकट्याचं "अजून किती वेळ?" टाळता येणार नाही, तेव्हा मोजून वापरा. सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी अर्थ वेगळा: कंटाळा, लघवी, भूक, बहिणीला चिडवणं, काळजी, झोपेतली बडबड. नवख्याचं उत्तर कायम एकच: "वीस मिनिटं." सातव्यांदा तो प्रश्न नवखाच विचारतो, गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकच्या चालकाला. उत्तर धाकटा देतो.

सात वर्षांचा मुलगा एका वाक्यात दहा-बारा शब्दांच्या पुढे गेला की लेखक बोलू लागतो. त्याला शब्दशः अर्थ घेण्याचं काम द्या. उपरोध थोरलीकडे, आणि तोही कमी. अकराव्या वर्षी उपरोध नुकताच हाती आलेला असतो, तो कधीकधी फसतो. फसू द्या.

८. वळण

७० ते ७५ व्या मिनिटाच्या आसपास नवखा चिडतो. खरोखर चिडतो, बदललेला आवाज गळून पडतो, आणि तो असं काही बोलतो जे मुलं आधीपासूनच ऐकायची वाट बघत होती: "मला हे सगळं नकोच होतं." आरोपपत्रातला दुसरा आरोप आठवा. आत्ता प्रथमच तो त्यांच्याशी स्वतःच्या आवाजात बोलला आहे, आणि नेमकं हेच बोलला आहे. हे वाक्य सौम्य करू नका. सौम्य केलं की माफीला वजन राहत नाही.

माफीचा सीन लिहिताना तीन बंधनं: तीनच वाक्यं, त्यांत 'पण' नाही, आणि उत्तरादाखल मुलांनी माफ करायचं नाही. धाकटा विषय बदलतो. थोरली गप्प राहते. त्यानंतर नवख्याने एक लहानसं काम करायचं, जे सुरुवातीच्या अर्ध्या तासात कबूल करून विसरला होता. फुग्याच्या पैजेतलं देणं इथे कामाला येतं. संकटातून मुलाला वाचवणं, महागडी भेट, सगळ्यांसमोर भाषण, हे तिन्ही मार्ग लेखकाला लगेच सुचतात, आणि तिन्हींत मुलांना कृतज्ञ व्हावं लागतं. कृतज्ञता म्हणजे माया नव्हे. मुलांना हा फरक बरोबर कळतो.

याच टप्प्यावर थोरलीचं खातंही उघडा. टॅबलेटबद्दल तिने मुद्दाम सांगितलं नव्हतं, हे ती स्वतः कबूल करते. दोन्ही बाजूंना काहीतरी देणं असलं की बोलणी होतात.

दोन्ही मुलं एकाच वेळी वळवू नका. धाकटा आधी फितूर होतो, साधारण ५० व्या मिनिटाला, आणि त्याचा थोरलीला खरा धक्का बसतो. आता ती एकटी पडली आहे. विरोधी पक्षात एकच सदस्य उरला की सभागृहातलं वातावरण बदलतं. इथून तिच्याकडे बघायची प्रेक्षकाची नजर मऊ होते, हे नवख्यासाठी नव्हे तर तिच्यासाठी महत्त्वाचं.

शेवटी 'बाबा' म्हणवून घेण्याचा मोह आवरा. पेपरनाऊ यांच्यासारखे अभ्यासक सांगतात की अशी घरं एकजीव व्हायला वर्षं लागतात. एका दिवसाच्या प्रवासात त्यातलं किती पदरात पडेल? थोरली मांडीवरची बॅग उचलते आणि पुढच्या रिकाम्या सीटवर ठेवते. बस, एवढंच. आई येऊन दार उघडते, बॅग बघते, आणि ती मांडीवर घेऊन बसते.

९. मोजून वाचा

एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीचा आणि ठरावीक टंकाचा आहे. देवनागरीत तो जुळत नाही. चार जणांना पात्रं वाटून द्या, मोठ्याने वाचा, घड्याळ लावा. वर्णनाच्या ओळीही वाचायच्या. ९० ते १०० मिनिटं हवीत. जिथे हशा आला तिथे समासात रेघ मारा. तीन मिनिटं रेघ नसेल तर तो सीन मुद्दाम गंभीर आहे का, हे स्वतःला विचारा. नसेल तर सहसा दुखणं त्या सीनमध्ये नसतं. दहा पानं मागे ज्याची पेरणी करायची राहिली होती, ते तिथे नडतं.

एका वाचनासाठी श्रोत्यांत ८ ते १२ वयाची तीन-चार मुलं बसवा. ती थोरलीवर अन्याय झालेली जागा बरोबर पकडतात.

१०. चित्रीकरण डोक्यात ठेवून

धावत्या गाडीतला संवाद महाग आणि संथ असतो. गाडी बहुधा बुटक्या ट्रेलरवर चढवून ओढली जाते, म्हणजे नट प्रत्यक्षात चालवत नसतो; त्याला रस्त्याकडे बघायची आठवण पटकथेनेच द्यावी लागते. चालक सलग दोन सेकंदांहून जास्त मागे वळून बोलला की प्रेक्षकाचं लक्ष संवादावरून उडून रस्त्यावर जातं. लांब संवाद थांबलेल्या गाडीत लिहा: पंपावर, फाटकापाशी, पावसात बाजूला घेतल्यावर. रात्रीचे सीन तर अंधाऱ्या स्टुडिओत उभ्या गाडीत होतात. बाहेरून दिवे फिरवायचे आणि बंपरखाली फळी घालून एकाने गाडी हलकीशी हलवायची. स्वस्तातली जुनी युक्ती आहे, आणि नीट केली तर ओळखू येत नाही. म्हणून महत्त्वाचं बोलणं अंधार पडल्यावर ठेवणं खिशालाही परवडतं.

बालकलाकारांच्या कामाच्या तासांना बहुतेक ठिकाणी कायद्याची मर्यादा असते. ज्या सीनमध्ये मुलं पाठमोरी, झोपलेली किंवा फक्त आवाजाने आहेत असे सीन वेगळे काढून ठेवा. झोपलेल्या मुलांच्या पार्श्वभूमीवर नवख्याचा एकट्याचा फोन, हा असा सीन वेळापत्रकाला हमखास वाचवतो.

कोणत्या सीननंतर गाडीवर कोणता ओरखडा, काचेवर कोणता डाग, फुग्यात किती हवा, याची यादी पटकथेसोबतच द्या. चित्रीकरण क्रमाने होत नाही आणि गाडी हे या गोष्टीतलं पाचवं पात्र आहे. तिचाही प्रवास दिसला पाहिजे. उलटीच्या सीनला कपड्यांचे तीन जोड आणि सीटकव्हरचे दोन संच लिहून ठेवा, आणि तो त्या गाडीतला शेवटचा सीन म्हणून लावा. भाड्याच्या गाडीच्या मालकाला मात्र आधी सांगा.